कुंभारीच्या मळ्यात सूर्यशक्तीचा हिशेब

सोलापूर शहरातून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी हे गाव लागते. गावाच्या एका अंगास विडी कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. दुसऱ्या अंगास मात्र अद्याप ज्वारी, तूर, कांदा आणि जेथे विहिरीला पाणी टिकते तेथे डाळिंब व ऊस, अशी या भागातील ओळखीची शेती चालू आहे. पाऊस वर्षाकाठी साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर, त्यातील मोठा वाटा भाद्रपदातल्या परतीच्या सरींचा. जमीन कोठे खोल काळी, कोठे हातभर मातीखाली मुरूम. सोलापूर येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचे काम १९३३ साली सुरू झाले, ते या प्रदेशाच्या अशा स्वभावामुळेच होय.

ज्या प्रदेशाला मेघांनी हात आखडता घेतला आहे, त्याला सूर्याने मात्र सढळ हाताने दिले आहे. सोलापूरच्या परिसरात एक चौरस मीटर जागेवर वर्षाच्या सरासरीने दररोज पाच ते साडेपाच युनिट इतकी सूर्यशक्ती उतरते. ही शक्ती आजवर पीक पोसणे आणि कडबा वाळवणे एवढ्याच कामी येत असे. गेल्या दहा वर्षांत ती विहिरीतील पाणी उपसण्याच्या कामी येऊ लागली आहे, आणि त्यासाठी शासनाचे अनुदानही मिळते. असा पंप घ्यावा काय, घेतल्यास किती अश्वशक्तीचा घ्यावा, आणि घेतल्यावर तो खरोखर परवडतो काय, हे प्रश्न कुंभारीसारख्या गावातील शेतकरी आता कृषी सहायकांना विचारू लागले आहेत. त्यांचे उत्तर होय किंवा नाही अशा एका शब्दात देता येत नाही. ते विहिरीवर, पिकावर आणि हाती आज कोणते साधन आहे त्यावर अवलंबून असते.

पाणी उचलण्यास शक्ती किती लागते

मोटेच्या काळी हा हिशेब बैलांच्या दमावर होत असे. धडधाकट बैलजोडीचे बळ साधारण एक अश्वशक्तीच्या आसपास धरतात. बैल थकले की मोट थांबे, आणि म्हणून विहिरीला रात्रभर भरून येण्यास अवसर मिळे. पुढे तेलाचे इंजिन आले, नंतर विजेची मोटर आली आणि थकणे हा प्रकारच उरला नाही. त्याबरोबर विहिरीची विश्रांतीही संपली. सौर पंपाच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. त्याचा विचार पुढे येईल.

एक हजार लिटर पाणी एक मीटर उंच उचलण्यास निव्वळ २.७ वॉट-तास एवढी शक्ती लागते. विहिरीतील पाण्याची पातळी, पाइपातील घर्षण आणि ठिबकसाठी लागणारा दाब हे सर्व मिळून ३० मीटर उंची धरली, तर हजार लिटरला सुमारे ८२ वॉट-तास होतात. परंतु मोटर, पंप आणि पाइप यांत बरीच शक्ती वाया जाते. शेवटी शंभरातील चाळीस भागच पाण्याच्या कामी येतात असे मानणे सुरक्षित असते. म्हणजे हजार लिटरला सुमारे ०.२ युनिट. एका एकरास ५ सेंटिमीटरची एक पाळी द्यावयाची म्हणजे दोन लाख लिटरांहून थोडे अधिक पाणी, आणि त्यासाठी सुमारे ४० युनिट वीज.

आता सौर पंपाकडे वळू. पाच अश्वशक्तीच्या पंपासोबत सामान्यतः ४,८०० वॉटच्या आसपास क्षमतेचे सौर पटल बसवितात. दिवसभरात पूर्ण तेजाच्या उन्हाचे पाच तास धरले व उष्णता, धूळ आणि तारा यांतील घट म्हणून चौथा हिस्सा वजा केला, तर रोज १८ युनिट मिळतात. त्यातून ३० मीटर उंचीवर ९० हजार लिटर पाणी येते. म्हणजे एका एकराची पाळी सव्वादोन दिवसांत पुरी होते. तीन अश्वशक्तीचा पंप, ज्याला सुमारे ३,००० वॉटचे पटल असते, त्याच हिशेबाने रोज ५६ हजार लिटर पाणी देतो. विहीर अधिक खोल असेल, तर पाणी त्या प्रमाणात घटेल. आभाळ भरून आले की ते निम्म्याहूनही खाली येते. तथापि अशा दिवसांत पिकाची पाण्याची गरजही कमी असते, ही निसर्गाची सोय होय.

सकाळी नऊपर्यंत व दुपारी चारनंतर पंप मंद चालतो. विजेच्या मोटरीप्रमाणे बटण दाबताच पाट भरून वाहत नाही. म्हणून सौर पंपाला लांब सऱ्यांनी मोकळे पाणी सोडण्यापेक्षा ठिबक, किंवा शेतात उंचावर बांधलेली टाकी अथवा शेततळे अधिक मानवते. दिवसा टाकीत साठवलेले पाणी संध्याकाळी उताराने सोडता येते. ज्याला साठवणाची ही सोय करता येते त्याचा पंप मोठा असण्याचे कारण उरत नाही.

नमुन्याची एक जमीन

समजा, कुंभारीच्या शिवारात चार एकरांचा एक मळा आहे. विहिरीवर रब्बीत एक एकर कांदा, दोन एकर ज्वारी आणि एक एकर ठिबकवरील डाळिंब आहे. कांद्याला ५ सेंटिमीटरच्या दहा पाळ्या धरल्या तर सुमारे २० लाख लिटर पाणी लागेल. ज्वारीला पोटरी व फुलोऱ्याच्या सुमारास दोन संरक्षित पाळ्या दिल्या तर दोन एकरांस आठ लाख लिटर लागेल. डाळिंबाची तीनशे झाडे, दर झाडास सरासरी रोज ३० लिटर प्रमाणे दोनशे दिवस, म्हणजे अठरा लाख लिटर. एकूण बेरीज सुमारे ४६ लाख लिटर होते.

हे पाणी उपसण्यास पाच अश्वशक्तीच्या सौर पंपाला पूर्ण उन्हाचे अवघे ५१ दिवस पुरतात. तीन अश्वशक्तीच्या पंपाला ८३ दिवस लागतात. सर्वांत ओढीचा काळ म्हणजे कांद्याची पाळी, डाळिंबाचे ठिबक आणि ज्वारीचे पाणी एकत्र येतात ते दहा दिवस. त्या वेळी रोज ६९ हजार लिटर लागेल. तीन अश्वशक्तीचा पंप तेथे थोडा कमी पडतो, परंतु ज्वारीच्या दोन एकरांना पाणी एकामागून एक, पंधरा दिवसांत विभागून दिले म्हणजे ती अडचण उरत नाही. अन्य वेळी रोजची गरज तीस हजार लिटरांच्या आतच असते.

सध्याच्या योजनेत अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळू शकतो. पुष्कळ शेतकरी यावरून असे समजतात की, पाच एकरांच्या आत असल्यास पाचच घेतला पाहिजे. तसे नाही. ही कमाल मर्यादा आहे, पात्र शेतकऱ्यास त्याहून लहान पंप मागता येतो. मोठा पंप फुकट मिळतो आहे असे वाटून जो घेतो, तो आपल्या वाट्याची अधिक रक्कमही भरतो आणि विहीरही लवकर कोरडी करतो.

विहीर काय म्हणते ते आधी पाहावे

पंपाची निवड जमिनीवरून करण्याऐवजी विहिरीवरून करावी. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. फेब्रुवारीत एके दिवशी सायंकाळी उपसा बंद करावा, दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजून ठेवावी, आणि बारा तासांनी पुन्हा मोजावी. विहीर गोल व ६ मीटर व्यासाची असेल, तर व्यासाला व्यासाने गुणून त्यास ०.७८५ ने गुणावे. म्हणजे २८ चौरस मीटर पृष्ठ झाले. पाणी एक मीटर चढले असेल तर बारा तासांत २८ हजार लिटर पाणी आले. दिवसाकाठी पन्नास हजार लिटरच्या सुमारास समजावे. अशा विहिरीवर पाच अश्वशक्तीचा पंप दुपारपूर्वीच फेस ओढू लागेल आणि उरलेल्या उन्हात पटल नुसते तापत बसेल. त्या विहिरीस तीनचा पंप पुरेसा आहे. हेच मोजमाप एप्रिलमध्ये पुन्हा केले तर फळबाग किती ठेवावी, याचेही उत्तर मिळते.

सोलापूर जिल्ह्याच्या पोटात काळा पाषाण आहे. त्यात पाणी साठते ते भेगांत आणि कुजलेल्या मुरमाच्या थरात. हा साठा रांजणासारखा आहे, नदीसारखा वाहता नाही. विंधण विहीर तीनशे-चारशे फूट नेली म्हणजे खाली समुद्र लागतो असे मानून कित्येकांनी कर्ज काढले आणि कोरडी भोके पदरात घेतली. महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ अन्वये शेतीसाठी ६० मीटरहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सौर पंपाचा अर्ज भरून घेतानाच सांगावे. पंप मंजूर झाल्यावर सांगण्यात अर्थ नाही.

खर्चाचे तीन तक्ते

नमुन्यादाखल पाच अश्वशक्तीच्या संचाची पूर्ण किंमत तीन लाख रुपये धरू. २०२४ साली सुरू झालेल्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्यास किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के रक्कम भरावी लागते. उरलेली रक्कम केंद्र व राज्य शासनाकडून येते. केंद्राची कुसुम योजना २०१९ पासून चालू आहे. पाच वर्षे दुरुस्ती आणि विमा पुरवठादाराकडे असतो.

पहिला हिशेब अनुदान घेणाऱ्याचा. त्याचा हिस्सा ३० हजार रुपये, दहा वर्षांत विभागल्यास वर्षाला तीन हजार. पाच वर्षांनंतर नियंत्रक पेटी किंवा मोटर बिघडल्यास खर्च त्याच्या अंगावर येणार, म्हणून वर्षाला चार हजार बाजूस टाकावेत. सालाचे झाले सात हजार. वरच्या मळ्याचे ४६ लाख लिटर पाणी त्याला हजार लिटरमागे दीड रुपयात पडते.

दुसरा हिशेब डिझेल इंजिनाचा. पाच अश्वशक्तीचे इंजिन तासाला सुमारे सव्वा लिटरपर्यंत डिझेल खाते आणि ३० मीटरवर वीस हजार लिटरच्या आसपास पाणी काढते. लिटरला ९० रुपये भाव धरून आणि वंगण व दुरुस्ती मिळवून हजार लिटरला साडेपाच रुपये येतात. मळ्याचे वर्षाचे पाणी पंचवीस हजार रुपयांना पडते. वीजजोडणीची वाट पाहत वर्षानुवर्षे इंजिनावर दिवस काढणाऱ्या शेतकऱ्यास अनुदानाचा सौर पंप दोन वर्षांच्या आत आपला हिस्सा वसूल करून देतो, यात शंका नाही.

तिसरा हिशेब अनुदानाशिवाय पूर्ण किमतीने पंप घेणाऱ्याचा. तीन लाख रुपये पंधरा वर्षांत विभागले तर वर्षाला वीस हजार. अर्ध्या रकमेवर सरासरीने ९ टक्के व्याज साडेतेरा हजार. दुरुस्तीचे चार हजार. सालाचे साडेसदतीस हजार झाले. हा पंप वर्षात ५१ दिवसच चालला, तर हजार लिटर पाणी आठ रुपयांना पडते. म्हणजे डिझेलपेक्षाही महाग. तोच पंप १५० दिवस चालला, तर पावणेतीन रुपयांना. दोहोंची बरोबरी सुमारे ७५ दिवसांना होते. सूर्याचे ऊन फुकट आहे हे खरे, पण ते पकडण्याचे पटल फुकट नाही. आणि पटलाचे व्याज ऊन असो वा नसो, पंप चालो वा न चालो, चालूच राहते.

येथे एक अडचणीची गोष्ट सांगणे भाग आहे. ज्या शेतकऱ्याकडे साडेसात अश्वशक्तीपर्यंतची वीजजोडणी आहे त्याला राज्य शासनाच्या मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेमुळे एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत वीजबिल भरावे लागत नाही. त्याच्या दृष्टीने सौर पंपामुळे बिलाची बचत शून्य आहे. शिवाय आधीची जोडणी असणारास सौर पंपाच्या योजनेत घेतलेही जात नाही. त्याची खरी अडचण बिलाची नसून वेळेची आहे. शेतीची तीन फेजची वीज आठ तास मिळते, आणि आळीपाळीने ती रात्री येते. पौषातल्या थंडीत मध्यरात्री बारे द्यायला जाणे, अंधारात विंचू-सर्पाची भीती, पाटाचे पाणी फुटून वाया जाणे, दाब कमी पडून मोटर जळणे आणि तिच्या वळणकामाला काही हजार रुपये जाणे, हा सर्व खर्च कोणत्याच बिलात लिहिलेला नसतो. मळ्यातील कर्त्या पुरुषाची रात्रीची झोप गेली की दुसऱ्या दिवसाचे कामही जाते. या नुकसानीला आकडा लावणे कठीण असले, तरी घरोघरी ती ठाऊक आहे.

गावासाठी सामाईक सौर वीज

या शेतकऱ्यांसाठी दुसरा मार्ग निघाला आहे. प्रत्येक विहिरीवर वेगळे पटल न बसविता उपकेंद्राजवळ मोठा सौर प्रकल्प उभारावयाचा आणि शेतीच्या वाहिनीला त्यातून दिवसा वीज द्यावयाची, अशी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आखण्यात आली. तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. त्यातील धोंदलगाव, तालुका वैजापूर, येथील तीन मेगावॅटचा प्रकल्प २०२४ साली सुरू झाला आणि तेथील शेतकऱ्यांना दिवसा वीज मिळू लागली. यात शेतकऱ्याने एक पैसाही गुंतवावयाचा नसतो. त्याची जुनीच मोटर दिवसा चालते. अशा प्रकल्पांतून वीज मंडळाच्या वारसदार कंपनीला युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास वीज पडते, म्हणून मोफत विजेचा शासनावरील भारही काही अंशी हलका होतो. मोफत म्हणजे कोणीच न भरलेली रक्कम नव्हे. ती कोठून तरी भरली जातेच.

दक्षिण सोलापूर तालुक्यास या बाबतीत एक उदाहरण जवळच आहे. याच तालुक्यात फताटेवाडी येथे राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळाचे १,३२० मेगावॅटचे केंद्र असून त्याचा पहिला संच २०१७ मध्ये व दुसरा २०१९ मध्ये चालू झाला. ते दगडी कोळशावर चालते, कोळसा रेल्वेने दूरवरून येतो, आणि त्याला लागणारे पाणी उजनी जलाशयातून येते. उन्हाच्या विजेला कोळसाही लागत नाही आणि पाणीही फारसे लागत नाही. दुष्काळी तालुक्यात ही दुसरी बाब पहिलीपेक्षा कमी मोलाची नव्हे. मात्र सूर्यास्तानंतर दिवे लावावयाचे, तर आज तरी बव्हंशी त्या कोळशाच्याच संचाकडे पाहावे लागते.

वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात प्रकल्पासाठी जमीन भाड्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, किंवा जमिनीच्या नोंदणीकृत मूल्याच्या ६ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा दर ठरविण्यात आला. एक मेगावॅटला चार ते पाच एकर जमीन लागते. सव्वा लाख म्हणजे एकरी पन्नास हजार. कोरडवाहू ज्वारीतून खर्च वजा जाता एवढी प्राप्ती क्वचितच होते. म्हणून माळरान, उथळ मुरमाड व जेथे कुसळाशिवाय काही उगवत नाही अशी जमीन देण्यास हरकत नाही. परंतु खोल काळी जमीन पंचवीस-तीस वर्षांसाठी अशा करारात गुंतविण्यापूर्वी दोनदा विचार व्हावा. भाड्यातील ३ टक्के वाढीने दहाव्या वर्षी सव्वा लाखाचे एक लाख त्रेसष्ट हजार होतात; बाजारभाव त्याहून वेगाने वाढले तर भाड्याची खरी किंमत घटतच जाते. सातबाऱ्यावर भावांची, बहिणींची नावे असतात, त्यांची लेखी संमती आधी घ्यावी. आणखी एक गोष्ट करारात कोठेच येत नाही. त्या जमिनीवर खुरपणीला, काढणीला येणाऱ्या मजूर स्त्रियांचे काम जाते. भाडे मालकास मिळते, त्यांना काही मिळत नाही.

वाया जाणारे ऊन

पुन्हा नमुन्याच्या मळ्याकडे येऊ. त्या मळ्याला वर्षभरात पाण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे ९३० युनिट आहे. पाच अश्वशक्तीच्या पंपाचे पटल वर्षाला सहा हजार युनिटच्या आसपास वीज देऊ शकते. म्हणजे सहापैकी पाच भाग शक्ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही. शासनाने व शेतकऱ्याने मिळून घातलेल्या भांडवलाचा हा मोठा अपव्यय आहे, आणि सौर पंपाच्या अर्थशास्त्रातील सर्वांत दुबळी जागाही हीच.

गुजरातेत ढुंडी या गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौर पंपधारकांची सहकारी संस्था काढली. आपापल्या पंपांचे पटल त्यांनी वीजवाहिनीला जोडले. स्वतःच्या पिकास पाणी देऊन उरलेली वीज तेथील वीज कंपनी युनिटला ४ रुपये ६३ पैसे दराने विकत घेऊ लागली. तो दर नमुन्याच्या मळ्यास लावला, तर पाच हजार युनिटचे तेवीस हजार रुपये होतात. याचा दुसरा परिणाम अधिक मोलाचा आहे. वीज विकता येते असे कळल्यावर शेतकरी विनाकारण पाणी उपसण्यास धजत नाही, कारण उपसलेल्या प्रत्येक हजार लिटरामागे त्याचे पैसे जातात. महाराष्ट्रात विहिरीवर बसविलेले स्वतंत्र सौर पंप वाहिनीला जोडलेले नसतात, त्यामुळे तूर्त ही सोय नाही.

तथापि जे हाती आहे तेवढ्यात काही करता येते. सर्वोपयोगी नियंत्रक बसविलेला असेल तर त्याच पटलावर कडबाकुट्टी किंवा पिठाची लहान गिरणी चालविता येते. दोन अश्वशक्तीची कडबाकुट्टी सकाळी तासभर चालली की चार जनावरांची वैरण होते, आणि अख्खा कडबा टाकल्यावर पायदळी तुडवला जाणारा भाग वाचतो. संच मागतानाच अशा नियंत्रकाची चौकशी करावी. पुरवठादाराला न विचारता पेटीतून परस्पर तारा ओढल्यास हमी रद्द होण्याचा संभव असतो.

शेतातील शक्तीचा खर्च केवळ पंपावरच होतो असेही नाही. नांगरटीचे डिझेल आणि घरातील चूल हे दोन खर्च वेगळ्या वहीत लिहिले जातात इतकेच. सूर्याच्याच शक्तीने वाढलेला कडबा खाऊन गाय जे शेण देते, त्यातील २५ किलोंपासून सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. चार-पाच जनावरे असणाऱ्या घरी दोन घनमीटरचा गोबर गॅस चालतो आणि चुलीचे सरपण वाचते. निघालेली मळी डाळिंबाला जाते. नव्या यंत्राच्या कौतुकात हे जुने साधन मागे पडू देऊ नये. त्याला ना पटल लागते, ना नियंत्रक.

उसाचा मोह

पाणी फुकट झाले की पहिला विचार उसाचा येतो. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु एका एकर उसाला पाऊस वजा जाता दीड मीटर उंचीचे पाणी मोकळ्या पद्धतीने द्यावयाचे म्हटले, तर साठ लाख लिटर लागतात. वरील चार एकरांच्या संपूर्ण मळ्यास ४६ लाख लिटर पुरत होते. शिवाय उसाची तहान चैत्र-वैशाखात सर्वांत जास्त असते, त्याच वेळी विहिरीचा तळ दिसू लागतो. डिझेलवर चालणारा शेतकरी उपसा करताना दर तासाला शंभर रुपये जळताना पाहतो आणि हात आवरतो. सौर पंपाला असा काही लगाम नाही. मोटेच्या बैलाला जी विश्रांती लागे, तीही त्याला लागत नाही. म्हणून लगाम बाहेरून घालावा लागतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने पावसाच्या मापावरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची आणि शेतीसाठी विंधण विहिरी न घेण्याची रीत पाळली आहे. कुंभारीसारख्या गावात ज्या शिवारात चार-पाच सौर पंप एका ओढ्याच्या काठी आले आहेत, तेथे त्या चार-पाच जणांनी दिवाळीनंतर एकत्र बसून विहिरींची पातळी मोजली आणि रब्बीचे क्षेत्र ठरविले, तर एवढ्याने देखील बरेच साधेल. एकाने मोजून दुसऱ्याने उपसले, तर मोजणाऱ्याचेच नुकसान होते.

बसविताना आणि नंतर

पटल दक्षिणेकडे तोंड करून बसवितात. कुंभारीचे अक्षांश साडेसतरा अंशांच्या पुढे आहे, म्हणून वर्षभराच्या सरासरीसाठी तितकाच कल योग्य. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या आरंभी सूर्य येथे दुपारी थेट डोक्यावर येतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे खूप कलतो. रब्बीचे पाणीच महत्त्वाचे असेल आणि सांगाड्यात सोय असेल, तर कार्तिकात कल वाढवून घ्यावा. बांधावरील बाभळीची किंवा कडब्याच्या गंजीची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी संपूर्ण रांगेची वीज घटते, म्हणून जागा निवडताना हिवाळ्यातील सकाळच्या व दुपारच्या सावल्या पाहून घ्याव्यात.

कडक ऊन म्हणजे जास्त वीज, असा समज आहे. तो पुरता खरा नाही. पटलाचे तापमान २५ अंशांवर गेल्यावर प्रत्येक अंशास उत्पादन सुमारे ०.४ टक्के घटते. एप्रिल-मेच्या दुपारी पटल ६५ अंशांपर्यंत तापते, म्हणजे सोळा टक्के वीज उष्णतेतच जाते. पटलाखालून वारा खेळता राहावा यासाठी त्याच्या खाली वैरण वा अवजारे रचून ठेवू नयेत.

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट या जिल्ह्यातील द्राक्ष व डाळिंब बागायतदार विसरलेले नाहीत. पटलाची काच सामान्य गारांना दाद देत नाही, परंतु मोठ्या गारेने तडा जाऊ शकतो; वीजरोधक आणि जमिनीत पुरलेली तार नीट आहे काय हे मृगापूर्वी पाहावे. चोरी वा नुकसान झाल्यास पोलिसांत फिर्याद देऊन तिची प्रत विम्यासाठी ठेवावी लागते. संचाचा क्रमांक, पुरवठादाराचा तक्रार क्रमांक आणि बसविल्याची तारीख यांची एक प्रत शेतकऱ्याकडे व एक कृषी सहायकाच्या नोंदवहीत असावी, कारण पाच वर्षांची मुदत केव्हा संपते हे ऐन अडचणीच्या वेळी कोणासच आठवत नाही.

काळ्या रानाची बारीक धूळ पटलावर बसली की उत्पादन हळूहळू उतरते आणि ते लक्षातही येत नाही. पंधरा दिवसांतून एकदा, आणि ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा, पटल पुसावे. पुसण्याची वेळ सूर्य उगवण्यापूर्वीची. तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकू नये. या भागातील कित्येक विहिरींचे पाणी जड असते व ते वाळल्यावर काचेवर पांढरे डाग राहतात, म्हणून शक्य तेथे पावसाचे साठवलेले पाणी वापरावे आणि मऊ सुती फडक्याने पाणी निपटून घ्यावे.